मजुरांचें परगांवीं जाणें व आपली शेती

भाताची मळणी आटोपून दिवाळीचे दिवे मालवले म्हणजे आमच्या आशागडच्या रस्त्यावर पहांटेच्या सुमारास एक देखावा दरवर्षीं हटकून दृष्टीस पडतो. रस्त्याच्या कडेस टेंपो उभा असतो. त्यांत तांदळाचीं गांठोडीं, जर्मनचीं भांडीं, गोधड्या, पाटीखालीं झांकलेली एखादी कोंबडी आणि या सर्वांवर बसलेलीं पोरें असतात. मुकादम घाई करीत असतो. टेंपो निघून गेला म्हणजे पाड्यावर दोनचार म्हातारीं माणसें व कुत्रीं एवढेंच काय तें मागें राहतें. हीं कुटुंबें भिवंडी, वसई, वाडा या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जातात. तीं पुन्हां गांवांत दिसावयाचीं तीं चैत्री पौर्णिमेस महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हां, किंवा त्याहूनहि पुढें, वळवाच्या पावसानें आकाश भरून येऊं लागल्यावर.

याच सुमारास आपल्या सोसायटीच्या ओट्यावर "मजूर मिळत नाहीं" ही तक्रार ऐकूं येते. चिकूचा तोडा खोळंबला, मिरचीची खुरपणी राहिली, गवत उभ्याचें वाळून गेलें, आणि गांवांत माणूस नाहीं. माणसें आळशी झालीं, सरकारनें फुकट धान्य देऊन बिघडविलीं, असें बोलणारे पुष्कळ आहेत. मी स्वतः थोड्याबहुत जमिनीचा धनी असल्यामुळें ही तक्रार मींहि केलेली आहे. परंतु तहसील कचेरींत कारकुनी करण्यांत माझें आयुष्य गेलें. फेरफार, पीकपाहणी, नुकसानीचे पंचनामे व रोजगार हमीचे हजेरीपट हेंच माझें वाचन. त्यावरून एक गोष्ट पक्की ठाऊक झाली कीं, आळशी मनुष्य मुलांबाळांसह पंचवीस-तीस कोसांवर जाऊन चिखल तुडवीत नाहीं. तो जातो त्यास कारण असतें, आणि त्या कारणाचा एक धागा आपल्या बांधापर्यंत येऊन पोंचतो. तो धागा या लेखांत उलगडून पाहावयाचा आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, आपल्या भागांत मजुरानें गांव सोडून जाणें ही पूर्वापार रीत नव्हे. पूर्वीं त्यास जातांच येत नसे. मुंबई-सुरत लोहमार्ग १८६४ सालीं सुरू झाला, आणि डहाणूच्या जंगलांतील लांकूड व डोंगरउतारावरचें गवत मुंबईच्या बाजारास जाऊं लागलें. गवतास तेथल्या तबेल्यांचें मोठें गिऱ्हाईक होतें. जंगल व कुरणें अशीं मोलाचीं झालीं, तशी बाहेरून आलेल्या सावकार-जमीनदारांची दृष्टि त्यांवर गेली, आणि वारली, कोकणा, दुबळा, धोडिया हा मूळचा शेतकरी कांहीं पिढ्यांत आपल्याच जमिनीवर कूळ होऊन बसला. धन्याच्या शेतावर फुकट राबावयाचें, त्यास वेठ म्हणत. लग्नाकरितां धन्याकडून थोडे रुपये घेतले कीं, तें फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या घरीं राबावयाचें. अशा गड्यास लग्नगडी म्हणत. कर्जाचा हिशेब धन्याच्या वहींत, व गड्यास अक्षरओळख नाहीं. तेव्हां तें फिटावयाचें कसें? सिमिंग्टन नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें या जमातींच्या स्थितीविषयीं मुंबई सरकारास १९३९ च्या सुमारास जो अहवाल दिला, त्यांत या कर्जबाजारीपणाची हकीकत नमूद आहे.

तारीख २३ मे १९४५ रोजीं तलासरीनजीक झरी या गांवीं किसान सभेची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारपणाखालीं जमलेल्या वारल्यांनीं, यापुढें वेठ करावयाची नाहीं व लग्नगडी म्हणून राहावयाचें नाहीं, असा निश्चय केला. त्याच वर्षीं गवतकापणीचा संप झाला. पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावे अशी मागणी होती. ता. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमावावर गोळीबार होऊन पांच माणसें मृत्युमुखीं पडलीं. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबांस ही हकीकत दुसऱ्या बाजूनें ठाऊक असेल, व ती आठवण सर्वांस रुचेल असें नाहीं. ती येथें देण्याचें कारण एवढेंच कीं, जाण्याची मोकळीक हीच त्या काळीं मजुराची पहिली कमाई होती. आज आपण ज्यास स्थलांतर म्हणतों, त्याचें पहिलें पाऊल त्या सालीं पडलें, असें माझें मत आहे.

पुढें १९४८ चा कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून कूळ मालक गणलें गेलें, आणि १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी साऱ्या देशांत बंद झाली. जमीन मिळाली, परंतु बहुतेकांच्या वांट्यास आली ती वरकस, उताराची. भाताचें चांगलें खाचर थोड्यांसच मिळालें. त्यांतहि भावाभावांच्या वांटण्या होतां होतां सात-बाराच्या उताऱ्यावर नांवांची रांग वाढली व क्षेत्राचे आंकडे गुंठ्यांवर आले. मुंबई राज्याचे १९६० सालीं दोन भाग झाले, तेव्हां उंबरगांव गुजरातेंत गेलें व तलासरीकडील गांवें महाराष्ट्रांत राहिलीं. पण मजुराच्या पायास ती सीमा कधींच कळली नाहीं, हें पुढें दिसेलच.

आतां वर्षाचा हिशेब पाहूं. राब भाजणें उन्हाळ्यांत, पेरणी ज्येष्ठांत, लावणी आषाढांत, निंदणी श्रावण-भाद्रपदांत आणि कापणी-झोडणी आश्विन-कार्तिकांत. डोंगरउतारावर थोडी नागली, वरई, उडीद. बस्स, येथें शेती संपली. आपल्याकडे पाऊस उदंड पडतो, पण तो चार महिन्यांत पडून खाडीस मिळतो. माघांत पाड्यावरच्या विहिरीचा तळ दिसूं लागतो. ज्याच्यापाशीं पाण्याची सोय नाहीं त्याचें शेत आठ महिने उघडें पडलेलें असतें, व दोन एकरांचें भात सहा माणसांच्या घरास होळीपर्यंत पुरलें तर पुष्कळ झालें म्हणावयाचें.

फुकट धान्याविषयींचा आक्षेप येथेंच निकालांत काढूं. अन्नसुरक्षेच्या कायद्याखालील धान्य १ जानेवारी २०२३ पासून विनामूल्य मिळूं लागलें हें खरें. परंतु त्यानें मनुष्य घरीं बसता, तर दिवाळीनंतरचे टेंपो थांबले असते. ते थांबलेले नाहींत. तांदळानें पोट भरतें. तेल, मीठ, कपडा, औषध, छप्पर, मुलीचें लग्न हीं सर्व रोकड मागतात, आणि रोकड गांवांत नाहीं. शिधापत्रिकेवरचें धान्य भट्टीवर जाणाऱ्या कित्येक घरांस पुरतेंपणीं मिळतहि नाहीं, कारण पत्रिका गांवच्या दुकानाची व मनुष्य भिवंडीस. आतां एका दुकानाची पत्रिका दुसरीकडे चालते असें म्हणतात, चालतेहि. पण मशीनवर अंगठा उमटेपर्यंत अर्धा दिवस जातो, आणि विटा पाडणाऱ्यास अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी.

रॅव्हनस्टीन नांवाच्या पंडितानें १८८५ सालीं विलायतेंतील जनगणनेच्या आंकड्यांवरून दाखविलें कीं, गांव सोडणारीं बहुतेक माणसें लांब जात नाहींत. जवळच्या कामाच्या जागीं जातात. आपल्याकडील अनुभव तोच आहे. मात्र जवळ जाण्याचेहि निरनिराळे प्रकार आहेत, व या लेखाचा खरा मुद्दा त्या निरनिराळेपणांत आहे. स्थलांतरानें गांवाचें भलें होतें कीं वाईट, या प्रश्नास एकच उत्तर नाहीं. मनुष्य एकटा जातो कीं बायकापोरांसह, पैसा कामाआधीं घेतो कीं कामानंतर, आणि रात्रीं कोठें निजतो, या तीन गोष्टी विचाराव्या. म्हणजे उत्तर आपोआप निघतें.

वीटभट्टीचा प्रकार पहिला व सर्वांत वाईट. भाद्रपदांत घरांतलें जुनें भात संपलेलें व नवें शेतांत उभें असतें. नेमका त्याच वेळीं मुकादम पाड्यावर येतो आणि रोख रक्कम हातावर ठेवतो. तिला उचल किंवा बयाणा म्हणतात. हिशेब समजावा म्हणून कांहीं आंकडे धरूं. प्रत्यक्ष दर जागोजाग निराळे असतात. समजा, एका जोडप्यानें २०,००० रुपये उचल घेतली. हजार विटा पाडण्याची मजुरी ७०० रुपये, आणि नवराबायको व हाताशीं एखादें पोर मिळून दिवसास हजार विटा पाडतात असें मानूं. चोवीस आठवड्यांत कामाचे दिवस १३०. त्यांपैकीं १५ आजारांत व अवकाळी पावसांत गेले, उरले ११५. मजुरी झाली ८०,५०० रुपये. फुटक्या व भिजलेल्या विटांबद्दल शेंकडा पांच कापले म्हणजे ४,०२५ गेले, व राहिले ७६,४७५. भट्टीवर पोटाकरितां दर आठवड्यास खर्ची मिळते. ती १,५०० धरल्यास चोवीस आठवड्यांची ३६,००० होते. ती व उचल मिळून ५६,००० वजा जातां हातांत पडले २०,४७५ रुपये. खर्ची आठवड्यास दोन हजार लागली तर त्यांतले आणखी १२,००० जाऊन ८,४७५ च उरतात. एखादें बाळंतपण निघालें किंवा पोरास दवाखान्यांत ठेवावें लागलें कीं बाकी फिरून मजुराच्या अंगावर चढते, व ती पुढच्या सालच्या खात्यांत ओढली जाते. मग भाद्रपदांत मुकादम आला म्हणजे "नको" म्हणण्याची सोय राहत नाहीं.

वही येथेंहि दुसऱ्याच्याच हातीं असते, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. लग्नगड्यांत व याच्यांत कांहींच अंतर नाहीं असें मात्र मी म्हणणार नाहीं. हा मनुष्य फिटंफाट झाल्यावर दुसऱ्या भट्टीवर जाऊं शकतो, आणि कायदा त्याच्या बाजूस आहे. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांची रीत अशीच आहे. तेथें नवराबायकोच्या जोडीस कोयता म्हणतात व उचल कोयत्याच्या हिशेबानें मिळते. दोघेंहि जातात तेथें मुलेंहि जातात. आणि मुलें गेलीं म्हणजे एका पिढीचें कर्ज दुसऱ्या पिढीच्या डोक्यावर ठेवण्याची तयारी झाली असें समजावें.

दुसरा प्रकार नौकांचा. डहाणू-तलासरीचे तरुण गुजरातेंतील वेरावळ, पोरबंदर, मांगरोळ, ओखा या बंदरांतील मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून जातात. यांत पुष्कळजण किनाऱ्यावरचे नव्हेत. डोंगराकडच्या पाड्यांवर वाढलेले, ज्यांच्या बापजाद्यांनीं समुद्रावर कधीं पोट भरलें नाहीं असे. हंगाम पावसाळ्याच्या अखेरीपासून वैशाखअखेरपर्यंत चालतो. पावसाळ्यांत मासेमारी सरकारी हुकुमानें बंद असते, म्हणून हा मनुष्य नेमका राब उगवतां उगवतां घरीं येऊन पोंचतो व लावणी उरकून जातो. भाताची शेती आणि नौकेची नोकरी यांचा असा सांधा कोणीं मुद्दाम जुळविलेला नाहीं, पण तो जुळला आहे खरा. येथें पुरुष एकटा जातो. त्याचें खाणें नौकेवर. बायको-मुलें गांवीं, पोरें शाळेंत. म्हणून पगारापैकीं मोठा भाग शिल्लक पडतो, व पाड्यांवर जीं पक्कीं घरें दिसतात त्यांतील कांहींचा पाया वेरावळच्या पैशावर घातलेला आहे.

परंतु जोखीम जबर. समुद्रांतली सीमा डोळ्यांस दिसत नाहीं. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलानें पकडलेल्या नौकांवर आपल्या तालुक्यांचे खलाशी सांपडले आहेत, व ते कराचीच्या तुरुंगांत दीर्घकाळ राहिले आहेत. नौका मालकाची, मासळी मालकाची. तुरुंग मात्र खलाशाचा. घरीं बायको पगार कोणाकडे मागणार? एप्रिल २०२० मध्यें, टाळेबंदीच्या त्या दिवसांत, गुजरातच्या बंदरांहून शेंकडों खलाशी नौकांतूनच उंबरगांव-नारगोळच्या किनाऱ्याशीं आले, आणि महाराष्ट्रांतील कित्येकांस उतरूं न मिळाल्यानें घर हाकेवर असतां पाण्यांत राहावें लागलें. १९६० च्या सीमेचा त्यांस आलेला हा पहिला अनुभव.

तिसरा प्रकार रोज जाऊन रोज येण्याचा. केंद्र सरकारनें २० जून १९९१ च्या अधिसूचनेनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून कारखान्यांवर मर्यादा घातली. त्यायोगें आपल्या चिकूच्या वाड्या वांचल्या, याबद्दल मला शंका नाहीं; घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें त्या वाड्या उभ्या राहिल्या म्हणूनच. पण कारखान्यांतलें काम मग उत्तरेस उंबरगांव-वापीस व दक्षिणेस बोईसर-तारापुरास राहिलें. मुंबईची लोकल १६ एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येऊं लागली, व जाणें-येणें अधिक सोपें झालें. जो मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावीपर्यंत गेली ती पहांटेची गाडी किंवा कंपनीची बस धरते व रात्रीं घरीं परतते. पीकपाहणीस फिरतांना मला असें आढळून येई कीं, ज्या घरांतून एकजण रोज वापीस जातो, त्याच्या उताऱ्यावर रब्बीचा वाल किंवा भाजीपाला दिसण्याचा संभव अधिक. कारण बी-खताला रोकड असते व रविवारीं शेतावर माणूस असतो. भट्टीवर जाणाऱ्याच्या उताऱ्यावर रब्बीचा रकाना कोराच.

या ठिकाणीं दक्षिण कोंकणाचें उदाहरण घेण्यासारखें आहे. मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली, तेव्हांपासून रत्नागिरीकडील पुरुष पिढ्यान् पिढ्या गिरणगांवांत राबले. ते एकटे जात, एकेका खोलींत दहा-पंधराजण राहत, खाणावळींत जेवत, व महिनाअखेर मनिऑर्डर पाठवीत. त्या पैशावर गांवीं घरें शाकारलीं गेलीं, देवळें उभीं राहिलीं, शाळा निघाल्या. गांवोगांवच्या मंडळींचीं मुंबईंत मंडळें होतीं. २०११ च्या जनगणनेंत रत्नागिरी जिल्ह्यांत हजार पुरुषांमागें १,१२२ स्त्रिया होत्या, यावरून ही चाल किती खोल रुजली तें दिसतें. दुसरी बाजू अशी कीं, शेतें बायकांच्या व म्हाताऱ्यांच्या माथीं पडलीं, बांध ढासळले, कातळाखालच्या मळ्या ओसाड पडल्या. आणि १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू होऊन तो फसला, तेव्हां मनिऑर्डरीवर चालणाऱ्या गांवांस एकाएकीं कळून आलें कीं, आपली शेती आपण कधींच सोडून दिली आहे. तरीसुद्धां कोंकणी चाकरमान्यास महिन्याचा पगार होता, उचल नव्हती. आणि त्याचें पोर गांवच्या शाळेंत बसलेलें होतें. आपल्या पाड्यावरच्या माणसाची गोष्ट निराळी पडते ती इतक्यानेंच.

शाळेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या तालुक्यास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगतों. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस काढलेलें ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर आलें. गुरें राखणारीं पोरें शाळेंत येत नाहींत हें पाहून त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. तिला कुरणशाळा म्हणत. पुढें विधायक संसद या संस्थेनें हेंच तत्त्व वीटभट्टीवर लावलें. मजुराच्या कच्च्या विटांच्या झोपडीस भोंगा म्हणतात, त्यावरून त्या शाळांस भोंगा शाळा हें नांव पडलें. अशा शाळा व सरकारची हंगामी वसतिगृहें हीं औषधें चांगलीं आहेत. पण आजोबा-आजीपाशीं किंवा वसतिगृहांत मूल ठेवून जाण्यास आई तयार व्हावी, तर तेथें चार महिने नीट जेवण मिळेल अशी तिची खात्री पटली पाहिजे.

आतां जें आपल्या बांधाशीं येऊन पोंचतें तें. कार्तिकानंतर पाडा रिकामा झाला म्हणजे गुरें मोकाट सुटतात. राखण करावयास माणूस नाहीं, आणि सर्वांचींच शेतें उघडीं, तेव्हां कोणी कोणास बोलत नाहीं. अशांत एखाद्यानें ओलीवर वाल किंवा हरभरा टाकलाच, तर तो चार रात्रींत साफ होतो. म्हणून तोहि पुढल्या वर्षीं टाकीत नाहीं. आणि रब्बी नाहीं म्हणून तोहि टेंपोंत बसतो. जाणारे गेले म्हणून राहणाऱ्यास राहतां येत नाहीं, हा जो फेरा आहे, तो मीं पंचनाम्यांच्या कागदांत वर्षांनुवर्षें पाहिला. त्यास आळस हें नांव देणें सोपें आहे.

आणि मजुरांची उणीव भासते ती मुख्यतः कोणास? भाताच्या शेतकऱ्यास फारशी नाहीं, कारण लावणी-कापणीस बहुतेक माणसें गांवींच असतात. उणीव आहे ती बागाईतदारास, ज्याचा चिकूचा तोडा बाराही महिने कमीअधिक चालूच असतो. तो म्हणतो, मी रोज देतों तरी येत नाहींत. रोज देतो हें खरें. पण भाद्रपदांत, चूल बंद पडते त्या आठवड्यांत, मुकादम एकरकमी वीस हजार देतो आणि आपण देत नाहीं. मजूर आपल्या व मुकादमाच्या दरांची तुलना करीत नाहीं. तो त्या आठवड्याची गरज पाहतो.

सरकारनेंहि हें ओळखलेलें होतें. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघाली, १९७२ च्या दुष्काळांत तिची कसोटी लागली, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यानें वर्षांतून शंभर दिवस कामाची हमी साऱ्या देशास दिली. पंधरा दिवसांच्या आंत मजुरी मिळावी असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. मी एका कचेरींत या कामावर असतां (कोणत्या तें सांगत नाहीं) दगडी बांधाच्या कामावरचा एक मजूर तीन खेपा घालून गेला. चौथ्या खेपेस तो म्हणाला, "भाऊसाहेब, काम चांगलें आहे, घराजवळ आहे. पण मुकादम पैसे आधीं देतो. तुमचे कधीं येतील तें तुम्हांसहि ठाऊक नाहीं." हजेरीपट माझ्याच टेबलावर होता. वरची एक सही राहिली होती, पुढें खात्याच्या क्रमांकांत चूक निघाली, आणि तो कागद फिरत राहिला. त्या फिरण्यांत माझा स्वतःचाहि आठवडाभराचा आळस होता, हें आतां लिहिण्यास हरकत नाहीं. पैसे माघांत जमा झाले. तो कार्तिकांतच भट्टीवर गेला होता. त्याची मुलगी चौथींत होती. पुढें तिचें नांव पटावर राहिलें, पण ती शाळेंत आली नाहीं.

उपाय काय, असें कोणी विचारील. लोकांस गांवांत कोंडून ठेवणें हा उपाय नव्हे. तो प्रयोग १९४५ पूर्वीं होऊन गेला. जो वापीस रोज जातो त्यास जाऊं द्यावें. त्याच्या पगारानें आपल्याच बाजारपेठेंत गिऱ्हाईक वाढतें. थांबवावयाचें आहे तें उचलीवरचें, पोरांसह जाणें, आणि त्यास पाण्यावांचून दुसरें औषध मला दिसत नाहीं. वाणगांवकडे ढोबळी मिरचीच्या शेतांत हिवाळाभर कामास माणूस लागतो. विक्रमगड-जव्हारकडील ज्या घरानें विहिरीच्या आधारानें मोगऱ्याचीं झाडें लावलीं, त्याच्या कळ्या रोज पहांटे तोडून दादरच्या फूलबाजारांत जातात, व रोजचा पैसा रोज येतो. असें घर दिवाळीनंतर हलत नाहीं, कारण कळी तोडावयास घरचेंच माणूस हवें. बाएफ संस्थेनें १९८२ सालीं वांसदा येथें सुरू केलेली आंबा-काजूची वाडी पुढें जव्हारकडे आली, तिचाहि गुण हाच. मात्र पहिलीं चारपांच वर्षें झाडांत आंतरपीक घेण्यापुरतें पाणी नसेल तर माणूस वाडी सोडून भट्टीवर जातो व झाडें उन्हानें मरतात. सूर्या प्रकल्पाचें पाणी आपल्या भागांतलें, परंतु त्यांतील दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांकरितां योजिलें आहे. पाणी गेलें त्याच रस्त्यानें मजूर जातो, यांत त्याचा काय दोष? शहरांस पाणी हवें हें मान्य; पण कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या शेतास काय उरतें, हा प्रश्न आपल्या सोसायटीनें विचारला पाहिजे, व लेखी विचारला पाहिजे.

वाढवण बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजीं बसली आहे. तेथें काम निघेल, बाहेरून माणसें येतील, व आपलीं कांहीं माणसें भट्टीऐवजीं तिकडे जातील. त्या कामांतहि उचल देणारा मुकादमच मध्यें असेल, तर गांवाच्या हिशेबांत फरक पडणार नाहीं.

माझ्या स्वतःच्या शेतावर मीं गेलीं दोन वर्षें एक प्रयोग करून पाहिला. विहिरीचें पाणी शेजारच्या चार घरांस अर्ध्या-अर्ध्या एकराच्या वालास व मिरचीस दिलें. त्यांनीं आपल्या सवडीनें माझ्या चिकूचा तोडा करावयाचा. मजुरी दर शनिवारीं, व हिशेबाची एक वही माझ्यापाशीं, एक त्यांच्यापाशीं. भाद्रपदांत जी रक्कम लागेल ती बिनव्याजी, तोड्यांतून फेडावयाची. गुरांकरितां पांचजणांनीं मिळून होळीपर्यंत एक गुराखी ठेवला. पहिल्या सालीं शेळ्यांनीं वाल खाऊन टाकला व मलाच बोल लागला. दुसऱ्या सालीं चारांपैकीं तीन घरें दिवाळीनंतर पाड्यावरच राहिलीं, व त्यांच्या मुलांच्या शाळेच्या पटावर शिमग्यापर्यंत हजेरी लागली. चौथ्या घरचा थोरला मुलगा मात्र पावसाळा संपतांच वेरावळास निघाला. मीं त्यास बसवून माझा दर सांगितला. त्यानें बोटांवर हिशेब केला, हंसला, आणि म्हणाला, "भाऊसाहेब, नौकेवर अधिक मिळतें." मीं मग माझ्या वहींत पाहिलें. तो खरेंच बोलत होता.